लाल पट्टा आणि बायकांचं पंचमंडळ

नोव्हेंबर लागला की पॅरिसमधल्या पुस्तकांच्या दुकानांत कादंबऱ्यांच्या कमरेला लाल कागदी पट्टे चढतात. त्यावर ठसठशीत अक्षरांत पुरस्काराचं नाव. ऑगस्टअखेर एकदम शेकडो नव्या कादंबऱ्या येऊन पडतात, त्यातली कुठली घ्यायची हे इथली बरीच मंडळी पट्टा बघूनच ठरवतात. सगळ्यात दबदबा गोंकूर या पुरस्काराच्या पट्ट्याचा. मला मात्र फेमिना या, फक्त बायका परीक्षक असलेल्या पुरस्काराचं कुतूहल जास्त. (आपल्याकडचं त्या नावाचं मासिक वेगळं, बरं का.)

गोंकूर पहिल्यांदा दिला गेला १९०३ साली. परीक्षक दहा, आणि दहाही पुरुष. पुढच्या वर्षी मिरियम हॅरी या जेरुसलेममध्ये जन्मलेल्या लेखिकेचं नाव चर्चेत होतं; बाई म्हणून तिला डावललं असं सांगतात. त्याच १९०४ साली ‘सुखी जीवन’ अशा अर्थाच्या नावाच्या एका फ्रेंच मासिकात लिहिणाऱ्या २२ जणींनी आपला वेगळा पुरस्कार काढला. अध्यक्ष कवयित्री आना द नोआय, आणि पहिली मानकरी मिरियम हॅरी! नुसतं निषेधाचं पत्रक काढून त्या गप्प बसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. फेमिना हे नाव मागाहून आलं, तेही दुसऱ्या एका मासिकावरून.

या बायकाही साध्यासुध्या नव्हत्या. त्यांतल्या जेन द्यलाफ्वा यांनी १८८०च्या दशकात नवऱ्याबरोबर इराणमध्ये सुसा इथं उत्खनन केलं होतं. लूव्हरमध्ये चकाकत्या रंगीत विटांचे सिंह आहेत ना, ते तिथलेच. बाई केस बारीक कापायच्या आणि पुरुषी सूट घालायच्या. त्या काळी पॅरिसमध्ये बाईला पँट घालायची तर सरकारी परवानगी लागायची. ती त्यांनी रीतसर मिळवली होती.

फ्रान्समध्ये बायकांना मतदानाचा हक्क मिळाला १९४४ मध्ये. म्हणजे देशाचं सरकार निवडता येत नव्हतं, तेव्हापासून या बायका देशाची कादंबरी निवडत होत्या. आणि गोंकूर? तो पहिल्यांदा एका बाईला, एल्सा त्रिओलेंना, मिळाला १९४४ सालासाठी.

फेमिना फक्त बायकांना मिळतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. छे! दुसऱ्याच वर्षी तो रोमां रोलांना मिळाला, १९३१ मध्ये सेंट-एक्झ्युपेरींना. काही वर्षं इंग्रजी पुस्तकांसाठीही एक पुरस्कार होता. १९२५ मध्ये तो इ. एम. फॉर्स्टरना ‘अ पॅसेज टू इंडिया’साठी मिळाला.

खरी मजा १९१९ ची. गोंकूरमध्ये मार्सेल प्रूस्तला सहा मतं, रोलां दोर्जलेसच्या युद्धकादंबरीला चार. बायकांनी आपला पुरस्कार दोर्जलेसला दिला. पण त्याच्या प्रकाशकाला पट्टा हवा होता गोंकूरचाच. त्यानं पट्ट्यावर मोठ्या अक्षरांत ‘गोंकूर पुरस्कार’ छापलं आणि खाली बारीक टायपात ‘दहापैकी चार मतं’! प्रूस्तचा प्रकाशक कोर्टात गेला आणि जिंकला.

१९३० मध्ये या बायकांची चर्चा लांबली. निकालाची वाट बघत जेवायला बसलेल्या पत्रकारांनी वेळ घालवायला आपलाच एक पुरस्कार जाहीर करून टाकला. तो ‘अँतरालिए’ या नावानं अजून चालू आहे.

भांडणंही काही कमी झाली नाहीत. २००६ मध्ये मादलेन शाप्साल यांनी आपल्या छापलेल्या डायरीत आतल्या चर्चा उघड केल्या म्हणून त्यांना मंडळातून काढलं, तर रेजीन दफोर्ज यांनी त्यांच्या बाजूनं उभं राहत राजीनामा दिला. पुरुषांच्या मंडळातली भांडणं ‘साहित्यिक वाद’ ठरतात, बायकांची मात्र ‘कटकट’. हे इथंही तसंच.

२०२५ चा फेमिना नाताशा अपाना यांना मिळाला. जन्म मॉरिशसचा, पूर्वज भारतातून गेलेले गिरमिटिये मजूर. त्यांचं पुस्तक म्हणजे पुरुषी हिंसेपासून पळणाऱ्या तीन स्त्रियांची कहाणी आणि त्यांतली एक स्वतः लेखिकाच. आमच्या ग्रंथालयात त्याला भली मोठी रांग आहे. माझं फ्रेंच अजून डुगडुगतं, त्यामुळे माझा नंबर जरा उशिरा लागला तरी चालेल.