दोन सह्या

सकाळी पावणेसातला फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. नाईटचा वॉर्डबॉय म्हणाला, ताई लवकर या, आठ नंबरवाला बॅग घेऊन गेटपाशी बसलाय, चहा पण घेतला नाही, म्हणतोय मला सोडा.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक आहे, तेरा वर्षं झाली. आठ नंबरच्या पेशंटची परवानगी घेऊनच हे लिहितेय, त्याची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. वय चाळिशीच्या पुढं, ख्रिस्ती घरातला, माझ्यासारखाच. आजी बायबलवुमन होती, गावोगाव चालत जाऊन बायकांना वाचून दाखवायची. आणि हा रोज सकाळी उठल्या उठल्या देशीची क्वार्टर घेतल्याशिवाय दात घासू शकत नव्हता, कारण हातात ब्रश धरवत नव्हता.

अ‍ॅडमिशनचा दिवस आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. याआधी तीन वेळा तो दाखल झाला होता, तिन्ही वेळा भावाने उचलून आणलेला. या चौथ्या वेळी आईबरोबर आला आणि म्हणाला मी स्वतः सही करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारा मानसिक त्रासही येतो, आणि माणूस स्वतःच्या मर्जीने भरती होत असेल तर त्याला सगळं समजतंय ना, परिणाम कळतायत ना, हे बघावं लागतं. त्याला कळत होतं. पण शेवटचा पेग पोटात जाऊन चौदा-पंधरा तास झाले होते आणि विड्रॉल, म्हणजे दारू तुटल्याचा त्रास, सुरू झालं होतं, त्यामुळं पेन कागदावर नुसता नाचत होता. शेवटी त्याने डाव्या हाताने स्वतःचंच उजवं मनगट घट्ट धरलं आणि सही केली. सही कसली, भूकंपाचा आलेख असतो ना तशी रेघ. आमचे डॉक्टर अशा वेळी एक गोष्ट करतात जी मला फार पटते. चार-पाच दिवस गोळ्या आणि थायमिनची, म्हणजे बी-वन व्हिटॅमिनची, इंजेक्शनं होऊन हात स्थिर झाला, झोप लागायला लागली, की तोच फॉर्म परत वाचायला देतात आणि परत सही घेतात. त्याची दुसरी सही पाचव्या दिवशी झाली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शाळेत गिरवल्यासारखं.

आणि आता नवव्या दिवशी तो गेटवर बसला होता.

मी पोचले तेव्हा डॉक्टर त्याच्याशी बोलून झाले होते. स्वतःच्या मर्जीने आलेल्या माणसाला जायचं असेल तर सोडावं लागतं, चोवीस तास थांबवता येतं पण त्याला कारण लागतं, जिवाला धोका आहे, दुसऱ्याला धोका आहे, असं काहीतरी. यातलं काहीच नव्हतं. शुद्ध जाग्यावर, बीपी ठीक, हात स्थिर. डॉक्टर म्हणाले, कागद करा, आईला फोन करा, आणि सोडा. मला त्या क्षणी जे वाटलं ते अजून आठवतंय. ज्या दिवशी हात थरथरत होता त्या दिवशी या माणसाला राहायचं होतं. आता हात स्थिर झाला, डोकं साफ झालं, कायद्याच्या भाषेत तो पूर्ण मोकळा झाला, आणि त्या मोकळेपणात त्याला काय पाहिजे होतं, तर बाहेर जाऊन प्यायचं होतं. त्याने ते लपवलं पण नाही. म्हणाला, ताई तुमच्याशी खोटं नाही बोलणार, तलफ आलीय.

आईला यायला दोन तास लागणार होते, गावाकडून पहिली एसटी साडेआठच्या आसपास पोचते. तोपर्यंत आम्ही व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसलो. गेटची कडी मी काढायला सांगितली होती, त्याला दिसेल अशी. काढली म्हणजे खरंच काढली. तो कधीही उठून जाऊ शकत होता. तो बघत होता कडीकडं आणि बोलत होता माझ्याशी.

म्हणाला, लहानपणी चर्चच्या पाळकसाहेबांनी डोक्यावर पाणी शिंपडलं, ते मला विचारून नाही. पुढं बावीस वर्षांचा असताना दुसऱ्या चर्चच्या मंडळीत गेलो, ते म्हणाले तो बाप्तिस्मा खरा नाही, तू स्वतः ठरवून घे, मग विहिरीत बुडवून घेतला, साक्ष दिली, सगळे रडले, मी पण रडलो. ते विचारून केलं होतं. ताई, मी दोन्हीनंतर प्यालो. न विचारता झाला तोही फुकट, विचारून झाला तोही फुकट. मग नवा जन्म म्हणजे नक्की काय, कधी होतो, मला तरी सांगा.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगते, कारण आमची सिस्टर पण मला मागं विचारत होती की तुमच्यात पुनर्जन्म मानत नाहीत ना. पुनर्जन्म नाही. हा याच देहात, याच आयुष्यात होणारा आतला जन्म. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा यहुद्यांचा मोठा धर्मशिक्षक रात्रीच्या वेळी येशूकडं येतो आणि येशू त्याला म्हणतो की नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसणार नाही. निकदेम बिचारा विचारतो, म्हातारा माणूस परत आईच्या पोटात कसा जाणार. मूळ ग्रीक शब्द आहे आनोथेन, त्याचे दोन अर्थ होतात, पुन्हा आणि वरून. निकदेमाने एकच ऐकला. माझे वडील पाळक होते, ते हा शब्द समजावताना दरवेळी थांबायचे आणि बोट वर करायचे, वरून, वरून.

आधी माणसाने ठरवायचं का आधी देवाने बदलायचं, भांडण पार जुनं आहे हे. पेलागियस नावाचा जुन्या काळातला ख्रिस्ती शिक्षक म्हणायचा माणूस ठरवून चांगला वागू शकतो, देवाने आज्ञा दिली म्हणजे पाळायची ताकदही दिलीच असणार. त्याच काळातला बिशप ऑगस्टीन म्हणायचा, अरे इच्छाच आजारी आहे, आजारी इच्छेने कुठून ठरवणार. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची मतं नाकारली पण प्रश्न काही मिटला नाही, १५२४ मध्ये इरॅस्मस नावाचा विद्वान स्वतंत्र इच्छेच्या बाजूने लिहितो, १५२५ मध्ये प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणारा मार्टिन ल्यूथर त्याला उत्तर देतो की इच्छा बांधलेली आहे. मी हे वडिलांच्या टेबलावर ऐकत मोठी झाले आणि खरं सांगते, पुस्तकात असताना मला ल्यूथर फार कडक वाटायचा. या नोकरीत आल्यावर वाटेनासा झाला. दारू सोडायची मनापासून इच्छा असलेला माणूस संध्याकाळी पायांनी गुत्त्याकडं चालत जाताना मी पाहिलाय, रडत रडत चालत जाताना. त्याला तू ठरवलं नाहीस म्हणून पितोस असं म्हणणं हे मला क्रूर वाटतं, मग ते व्यासपीठावरून कुणीही म्हणो.

पण दुसरीकडं, सगळं देवानेच करायचं म्हणलं तर मी तेरा वर्षं काय करतेय? आणि त्याने काय करायचं, वाट बघत बसायचं?

हा मुद्दा त्यानेच काढला. आमच्याकडं शनिवारी एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बारा पायऱ्यांच्या गटाची मीटिंग असते, ती चळवळ १९३५ ला अमेरिकेत सुरू झाली आणि तिची मुळं ख्रिस्ती प्रार्थनागटांत आहेत, त्यामुळं भाषा ओळखीची लागते. तो म्हणाला, पहिल्या पायरीत म्हणता आम्ही दारूपुढं हतबल आहोत. तिसऱ्या पायरीत म्हणता आम्ही आमची इच्छा देवाच्या हाती सोपवायचा निर्णय घेतला. हतबल माणसाने निर्णय कुणाच्या बळावर घेतला हो ताई? मी इतकी वर्षं त्या पायऱ्या भिंतीवर बघतेय, मला हे कधी सुचलं नव्हतं. म्हणलं, मध्ये दुसरी पायरी आहे ना, आपल्यापेक्षा मोठी शक्ती आपल्याला ताळ्यावर आणू शकते असा विश्वास बसला. तो म्हणाला, बसला. बसवला नाही, बसला. मग तो पण माझ्या हातात नाही.

मी त्याला पंडिता रमाबाईंचं सांगितलं. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, एवढी विदुषी बाई, कुणाच्या दबावाला बळी पडणारी नव्हे, स्वतः विचार करून घेतला. आणि तरी पुढं त्यांनीच साक्षीत, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेच्या कहाणीत, लिहिलंय की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, आणि तो सापडायला मध्ये बरीच वर्षं गेली. म्हणजे निवड खोटी नव्हती, पण निवड म्हणजे जन्म नव्हे. तो ऐकत होता. म्हणाला, त्यांना सापडला ना पण. मी गप्प बसले.

साडेआठच्या पुढं आई आली. हातात स्टीलचा डबा, पदराला पावसाचं पाणी. मला म्हणाल्या सलाम बाई, आणि बाकड्यावर त्याच्या शेजारी बसल्या. मला वाटलं आता रडारड होणार, पाया पडणार, आम्ही हे रोज बघतो. काहीच नाही. त्यांनी विचारलं काय चाललंय, तर याने सांगितलं, तोच प्रश्न, की आई मला काही ठरवताच येत नाही तर देव मला नवा कसा करणार, आधी मी कायतरी करायला पाहिजे का आधी त्याने.

बाई थोडा वेळ डब्याचं झाकण चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, तू झालास तेव्हा तू काय केलं व्हतं?

तो काही बोलला नाही.

म्हणाल्या, घरीच झालास तू, पावसात, गाडी मिळंना. गळ्याला नाळ. निळा पडला व्हतास, रडला न्हाईस. म्या म्हणलं गेलं पोरगं. सुईणीने नाळ काढली, बोट घालून तोंड साफ केलं आणि तोंडाला तोंड लावून फुकलं, तीनदा फुकलं. तू काय केलं त्यात? काय बी न्हाई. आणि मग तू रडलास. ती फुकत व्हती पण रडलास तू. तुझ्याजागी ती न्हाई रडली, म्या न्हाई रडले.

मी तिथं बसले होते आणि मला बोलता येईना. येशू निकदेमाला पुढं वाऱ्याचं सांगतो, वारा पाहिजे तिकडं वाहतो, आवाज ऐकू येतो पण कुठून येतो कुठं जातो कळत नाही, आत्म्यापासून जन्मलेल्याचं तसंच आहे. ग्रीकमध्ये वारा, श्वास आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, न्यूमा. वडिलांनी हेही शिकवलं होतं. मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने अठराव्या शतकात जे मांडलं, की देवाची कृपा आधी येते, माणसाने हाक मारायच्या आधी, आणि त्या कृपेमुळंच माणसाला होकार किंवा नकार द्यायची ताकद परत मिळते, ते मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. या बाईंनी ते एका सुईणीत सांगितलं. तेव्हापासून मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने हे पटतच नाही. इच्छा खोटी नाही, पण ती पहिली नाही. आधी कुणीतरी फुंकतं.

आता इथं तो उठून आत गेला असं लिहायला मला आवडलं असतं. तो गेला नाही. त्याने कागदावर सही केली, स्थिर हाताने, पूर्ण नाव, आणि बॅग उचलली. आईने अडवलं नाही, फक्त डबा त्याच्या हातात दिला आणि त्याच्या मागं चालू लागल्या. गेट उघडंच होतं. मी दारात उभी राहून दोघं एसटी स्टँडच्या दिशेने जाताना बघितले, ती दोन पावलं मागं, आणि मग आत येऊन माझं दार लावून घेतलं आणि प्रार्थना केली. शब्द काही सुचले नाहीत, नुसतं त्याचं नाव घेतलं.

त्याच दिवशी तो प्याला. नंतर त्यानेच सांगितलं, डबा न उघडता परत घरी नेला होता.

तेवीस दिवसांनी दुपारी गेटवर बेल वाजली. एकटा होता. भाऊ नाही, आई नाही, एसटीने एकटा आलेला, उभं राहता येत नव्हतं, गेटचा गज धरून उभा. वॉर्डबॉयने विचारलं कोण घेऊन आलं, तर म्हणाला माहीत नाही. आम्हाला वाटलं नशेत बोलतोय. नशेत तो होताच. पण दुसऱ्या आठवड्यात शुद्धीवर असताना मी परत विचारलं तर तेच म्हणाला, की सकाळी गुत्त्याकडं निघालो होतो ताई, आणि स्टँडवर गाडीत बसलो, का बसलो ते मला अजून सांगता येत नाही, पण तिकिटाचे पैसे मीच काढले खिशातून, तेवढं आठवतंय.

सही करताना परत तेच, पेन नाचत होता, डावा हात उजव्या मनगटावर. पाचव्या दिवशी दुसरी सही, स्थिर. नवव्या दिवशी मी मुद्दाम लवकर आले आणि गेटची कडी काढून ठेवली. तो व्हरांड्यात चहा पीत बसला होता. कडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, ताई साखर कमी आहे आज.

याचा नवा जन्म झाला असं मी म्हणणार नाही. निकदेमाचा झाला असंही योहान कुठं लिहीत नाही, एवढंच लिहितो की येशूला पुरताना तो गंधरस आणि अगरू घेऊन आला. ख्रिस्ती माणसं दुसऱ्याच्या जन्मतारखा फार पटकन ठरवतात, मला ते आवडत नाही. मला जे दिसतं ते सांगते. अकरा महिने झाले. डॉक्टरांनी डायसल्फिराम चालू ठेवलंय, ती गोळी घेतल्यावर दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ती चोरून कुणालाच देत नाहीत, पेशंटला सगळं सांगून, त्याचा होकार घेऊनच देतात, आणि घरचं माणूस समोर लागतं. मागच्या महिन्यात फॉलोअपला दोघं आले होते. मी विचारलं गोळी कोण देतं. तो म्हणाला, आई देते तळहातावर, उपाशीपोटी. बाई लगेच म्हणाल्या, म्या नुसती गोळी देते हां, माठातलं पाणी त्योच उठून घेतो.