चिखलदरा सायकलने: धामणगाव गढीकडून चढा, घटांगकडे उतरू नका

हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत. परवा रात्री घरी पोचलो तेव्हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. बारीक टायरची सायकल असेल तर चिखलदऱ्याहून घटांगच्या (परतवाडा-धारणी रस्त्यावरचं गाव) रस्त्याने खाली उतरू नका. कुणी कितीही छातीठोकपणे सांगू द्या.

आम्हाला तसंच सांगितलं होतं. चिखलदऱ्यात टपरीवर चहा घेताना एक मोटरसायकलवाला म्हणाला, "घटांगवरून जा ना भाऊ. सारा उतारच हाय, पायडल माराचं कामच नाही." माणूस भला होता, मुद्दाम फसवलं नाही त्याने. पण मोटरसायकलवाल्याला चढ कळत नाही आणि गिट्टीही कळत नाही. रस्ता विचारायचा तर दुधाचे कॅन सायकलला लावून जाणाऱ्याला विचारा. मी विचारला नाही, याचा अजून राग येतो.

आम्ही दोघं, मी आणि माझा आतेभाऊ, दिवाळीनंतरच्या शुक्रवारी अंजनगाव सुर्जीहून निघालो. परतवाड्यापर्यंत सपाट रस्ता. फक्त सोयाबीनचा हंगाम आहे हे लक्षात ठेवा. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. दाण्यांवरून टायर छऱ्यांवर गेल्यासारखं सरकतं, आणि कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, चेनमध्ये असं गुंडाळतं की उतरून काडीने काढावं लागतं. वळणावर तर ब्रेक लावूच नका, वेग आधीच कमी करा. परतवाड्याला ट्यूब घेऊन ठेवा. आमच्या मापाची ट्यूब पुढे कुठेच मिळाली नाही.

शनिवारी पहाटे सहाला परतवाडा सोडलं. धामणगाव गढीपर्यंत दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, अंग गरम व्हायला बरोबर तेवढंच अंतर. खरा घाट त्यानंतर. परतवाडा साधारण 370 मीटर उंचीवर आणि चिखलदरा 1100 च्या आसपास, म्हणजे सातशे मीटरच्या वर चढ, आणि त्यातला बहुतेक शेवटच्या अठरा-वीस किलोमीटरमध्ये. पण हा घाट प्रामाणिक आहे. एका लयीत चढतो, मध्येच छातीवर येत नाही. मागे 32 किंवा 34 दातांची चकती असेल तर बसूनच चढता येईल. 28 असेल तर उभं राहावं लागेल, आणि गुडघे दुसऱ्या दिवशी सांगतील. दोन बाटल्या गढीलाच भरून घ्या. वाटेतलं मोथा गाव येईपर्यंत आम्हाला पाणी मिळालं नाही. मोथ्याला गवळ्यांकडे खवा आणि रबडी मिळते, खायचं ते तिथेच खा. वर तेच महाग.

वरच्या लॉजबद्दल मात्र बोलावंच लागेल. फोनवर खोलीचा एक भाव ठरला होता. पोचल्यावर कळलं, सायकली खोलीत ठेवायचे दोनशे वेगळे आणि गरम पाण्याच्या बादलीचे पन्नास. दोघांच्या चार बादल्या झाल्या, कारण घाट चढून आलेल्या माणसाला एक बादली पुरत नाही. एकूण चारशे रुपये उगीच गेले. सायकल बाहेर ठेवा म्हणे. बत्तीस हजारांची सायकल रात्रभर रस्त्यावर कोण ठेवेल? भाव ठरवताना सायकल आणि गरम पाणी दोन्ही धरून विचारा, मेसेजवर लिहून घ्या, आणि शनिवार टाळा.

आता तो घटांगचा रस्ता. पहिले काही किलोमीटर खरंच सुंदर. सागाची मोठाली पानं, थंड हवा, एकही गाडी नाही. आम्ही खूष. पण उतार सलग नाही. नाल्यापर्यंत उतरायचं, पुन्हा चढायचं, पुन्हा उतरायचं. तेही चाललं असतं. घटांगच्या अलीकडे सहा-सात किलोमीटर मात्र डांबर उखडून वर ताजी गिट्टी टाकलेली होती, रोलर न फिरवलेली. अंड्याएवढे दगड. आतेभावाचे टायर 25 मिलिमीटर रुंदीचे, माझे 28 चे. पहिल्याच वळणावर त्याचं पुढचं चाक घसरलं आणि कोपर सोललं. मग दोन्ही ब्रेक दाबून, पायी चालण्याच्या वेगाने उतरत राहिलो. थांबून रिमला बोट लावलं तर चटका बसला. एका किलोमीटरमध्ये दोन पंक्चर झाले. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं, म्हणजे दगडावर आपटून रिमने चिमटलेली. मोबाइलला रेंज नाही. शेवटचे चार किलोमीटर सायकल ढकलत गेलो. सायकलचे बूट गिट्टीवर नुसते सरकतात, चालता येतील असे बूट घाला.

1803 च्या डिसेंबरात चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घ्यायला आलेल्या इंग्रज फौजेने याच डोंगरांतून, दऱ्या-नाल्यांतून तोफा हातांनी ओढून नेल्या होत्या. 15 तारखेला गड पडला आणि 30 तारखेला शिंद्यांशी तह झाला तो आमच्याच अंजनगावात. शाळेत हे पाठ केलं होतं. तोफ ओढणं म्हणजे काय, ते परवा खांद्यांना कळलं.

आमच्यासारखं घटांगच्या पुढे जंगलातल्या सेमाडोहला जायचंच असेल तर चिखलदऱ्याहून आल्या वाटेने परतवाड्याला उतरा, मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी धारणीचा मुख्य रस्ता धरा. घटांगपर्यंत पुन्हा चढ आहे, पण चाकाखाली डांबर आहे. वळणं आखूड आहेत आणि बस वेगात येतात, त्यामुळे डावी कडा सोडू नका.

आम्ही घटांगहून सेमाडोह गाठलं तेव्हा साडेचार वाजले होते. हा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, अस्वल आणि रानगवाही आहे, तेव्हा पाचच्या पुढे रस्त्यावर राहायचंच नाही. मुक्कामाचं आरक्षण आधी करून ठेवा. दुसऱ्या दिवशी सिपना ओलांडून हरिसालमार्गे धारणी. छान रस्ता, काही अडचण नाही.

धारणीहून परतीला काळीपिवळी (सीटवर पैसे घेणारी जीप) केली. टपावर टाकलेल्या प्रत्येक सायकलचे सीटएवढेच पैसे घेतले. तो भाव मला पटला, कारण त्याने दोर स्वतःचा दिला आणि फ्रेमखाली पोतं घातलं. तुम्ही आपला दोर आणि जुनी ट्यूब बरोबर ठेवा, सगळ्यांकडे पोतं नसतं. आणि निघण्याआधी ब्रेकचे रबर नवे टाका. माझे महिनाभराचे होते, घरी येऊन पाहिले तर आतलं लोखंड दिसत होतं.