आरशात बरी दिसते, मग फोटोत अशी का?

मी मानसशास्त्र शिकवते आणि माझे वडील फोटोग्राफर होते. या दोन गोष्टी कळल्या की लग्नकार्यात, एसटीत, स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन हमखास विचारतं, "मॅडम, आरशात मी बरी दिसते, मग फोटोत अशी का येते?" बहुतेक जणी हसत हसत विचारतात. पण गेल्या महिन्यात एम.ए.च्या एका मुलीने विचारलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. स्थळांना पाठवायला घरच्यांनी काढलेला फोटो तिने आईच्या मोबाइलमधून तीनदा डिलीट केला होता. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी आमच्या स्टुडिओतली एक गोष्ट. दिवस रोलचे, ब्लॅक अँड व्हाइटचे. डार्करूममध्ये एन्लार्जरला निगेटिव्ह लावताना तिची चकचकीत बाजू वर आणि मंद बाजू खाली ठेवतात. उलटी बसली की प्रिंटमध्ये डाव्याचं उजवं होतं. बाबांच्या हातून असं क्वचितच व्हायचं, पण गल्लीतल्या एका काकूंच्या फोटोला झालं. पदर उजव्या खांद्यावर गेलेला पाहिला आणि चूक त्यांच्या लक्षात आली. त्यांनी लगेच दुसरी प्रिंट काढली. काकू जाऊबाईंना घेऊन आल्या तेव्हा दोन्ही प्रिंटा काउंटरवर होत्या. काकूंनी उलटा फोटो उचलला. "हा छान आलाय." जाऊबाईंनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला. "छे हो, हा तुमच्यासारखा वाटतच नाही. तो बघा, तो म्हणजे अगदी तुम्ही!" दोघी आपापल्या म्हणण्यावर ठाम. बाबांनी दोन्ही फोटो दिले आणि एकाचेच पैसे घेतले.

मी तेव्हा शाळेत होते. पुढे कॉलेजच्या लायब्ररीत एक संशोधन वाचताना त्या काकू आठवल्या आणि मी जागच्या जागी सरळ होऊन बसले. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी इथल्या थिओडोर मिटा, मार्शल डर्मर आणि जेफ्री नाइट यांनी १९७७ साली ते प्रसिद्ध केलं होतं. त्यांनी विद्यार्थिनींचे फोटो काढले, प्रत्येकीची एक सरळ प्रिंट आणि एक आरशातल्यासारखी उलटी. कुठली कुठली ते न सांगता विचारलं, यातला कुठला आवडतो? मुलींचा कल उलट्या प्रिंटकडे होता. त्यांच्या मैत्रिणींचा आणि प्रियकरांचा सरळ प्रिंटकडे. आमच्या काउंटरवर जे झालं, नेमकं तेच.

कारण साधं आहे. आपल्याकडे चमकी डाव्या नाकपुडीत घालतात. आरशासमोर उभ्या राहा, चमकी तुमच्या डाव्या हाताला दिसेल. आता फोटो हातात घ्या, ती उजव्या हाताला गेलेली असेल. भांग, गालावरचा तीळ, जराशी वर चढलेली भुवई, सगळंच बाजू बदलतं. दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा चेहरा कुणाचाच नसतो, त्यामुळे बाजू बदलल्या की चेहऱ्याची ठेवणच वेगळी भासते. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा नजरेखालून गेली तरी आवडू लागते, मग ते अर्थ नसलेले शब्द असोत की अनोळखी चेहरे. तुम्ही रोज पाहता तो आरशातला चेहरा. घरचे रोज पाहतात तो दुसरा. ज्याला तुम्ही 'मी' म्हणता, तो चेहरा तुमच्या आईनेही समोरून कधी पाहिलेला नाही. हे त्या मुलीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली.

आरशाबद्दल आपण फार विश्वासाने बोलतो, म्हणून वर्गात मी एक प्रयोग सांगते. आंघोळीनंतर आरशावर वाफ धरली की एक डोळा मिटून बोटाने आपल्या चेहऱ्याची कड काढायची आणि मग ती मोजायची. भरते निम्मी. मागे सरकून काढली तरी निम्मीच, कारण आरसा नेहमी आपण आणि आपलं प्रतिबिंब यांच्या बरोबर मधे असतो. लिव्हरपूल विद्यापीठातले मार्को बर्तामिनी यांनी लोकांना आरशाबद्दल असे प्रश्न विचारून पाहिले, तर रोज आरसा बघणारी माणसंही चुकली. मुली दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात, "मॅडम, खरंच निम्मा!"

फोटोची आणखी एक अडचण बाबांना पक्की ठाऊक होती. शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापुरतं उघडतं. बोलताना, हसताना चेहरा जिथे कधीच थांबत नाही, तिथे कॅमेरा त्याला थांबवतो. २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी माणसांचे छोटे व्हिडिओ आणि त्याच व्हिडिओंतली एकेक चित्रं लोकांना दाखवली. हलता चेहरा लोकांना जास्त चांगला वाटला. एकाच माणसाचे चार फोटो काढून तीन बाजूला टाकणारे बाबा म्हणूनच मला फार मोठे वाटतात. त्यांनी कुणालाही "तुमचा चेहराच फोटोजेनिक नाही" असं म्हटलं नाही. हा शब्द पोरींना सहज ऐकवला जातो आणि तो वर्षानुवर्षं सलत राहतो, याचा मला मनापासून राग येतो.

सेल्फीचं तर विचारूच नका. हातभर अंतरसुद्धा नसतं. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या मानाने सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असा हिशेब २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडला. नाक बदलून द्या म्हणत लोक सेल्फी दाखवायला येत होते, म्हणून मांडला. दोष अंतराचा असतो आणि ऑपरेशन नाकाचं! त्यात काही फोन काढताना आरशातला चेहरा दाखवतात आणि सेव्ह करताना उलटवतात. त्या क्षणी चेहरा एकदम परका होतो, तो यामुळे.

एक गोष्ट मी सांगायची टाळत नाही. आपल्या मनातली आपली छबी मुळातच जरा उजळ असते. निकोलस एप्ली आणि एरिन व्हिचर्च यांनी २००८ साली लोकांच्या चेहऱ्यात देखणा चेहरा थोडा थोडा मिसळून अनेक फोटो तयार केले आणि 'यातले तुम्ही कोण?' असं विचारलं. लोकांनी खऱ्यापेक्षा देखण्या केलेल्या फोटोवर बोट ठेवलं. मित्रांच्या फोटोंबाबतही तसंच झालं, अनोळखी माणसाबाबत मात्र नाही. जवळच्यांनाही आपण जरा उजळच पाहतो, हे वाचून मला फार बरं वाटलं.

त्या मुलीला म्हटलं, फोटो तू निवडू नकोस, आत्याला निवडू दे. जिच्याशी तू रोज भांडतेस आणि जिच्याकडे पहिली धावत जातेस, तिला तू कशी दिसतेस ते ठाऊक आहे.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आपल्यामागे भिंतीवर लावायचा फोटो तिने कधीच निवडून ट्रंकेत साडीखाली ठेवलाय. त्यात ती ताठ बसली आहे, ओठ मिटलेले. मला आणि दादाला दुसरा आवडतो. पडवीत तांदूळ निवडताना बाबांनी हाक मारली आणि तिने सूप मांडीवर ठेवून वर पाहिलं, तो. "त्यात मी कुठं आहे?" असं ती दरवेळी म्हणते. परवा तो फोटो तिच्या हातात दिला आणि म्हटलं, आई, तुझ्यासमोर जेवायला बसलं की आम्हाला तू अशी दिसतेस. चष्मा लावून तिने खूप वेळ पाहिलं. मग फोटोतल्या चमकीवर बोट ठेवलं, दुसऱ्या हाताने स्वतःची चमकी चाचपली आणि म्हणाली, "या बाजूला दिसते होय तुम्हाला."