ग्रँड फायनल २०२३: एक गोल कमी, तरी कप त्यांचाच

मेलबर्नमध्ये सहावं वर्ष, आणि फूटीची (म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची) फायनल अथपासून इतिपर्यंत आज पहिल्यांदा पाहिली. शेजारच्या आजोबांच्या अंगणात, टीव्ही बाहेर काढून. कॉलिंगवूड विरुद्ध ब्रिस्बेन लायन्स. आजोबा जन्माचे कार्लटनवाले, म्हणजे कॉलिंगवूडचे हाडवैरी. आज एका दिवसापुरते ब्रिस्बेनकर!

ब्रिस्बेनचे गोल १३, कॉलिंगवूडचे १२. आणि जिंकलं कोण? कॉलिंगवूड, ९०-८६! इथे खांब चार असतात. मधल्या दोन उंच खांबांतून बॉल मारला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. कॉलिंगवूडचे असे चुकार नेम १८, ब्रिस्बेनचे ८. चिल्लर कामी आली म्हणायची.

मला भावला तो बॉबी हिल. गेल्या वर्षी कॅन्सर, आज ४ गोल आणि सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक. एक झेल तर असा घेतला की माझ्या हातातलं सॉसेज खाली पडलं. (आजोबांचा कुत्रा खूश.)

एमसीजीवर लाखभर माणसं ओरडत होती, आजोबा मात्र गप्प. कॉलिंगवूडचं हे १६वं विजेतेपद, म्हणजे कार्लटनशी बरोबरी. "आता वर्षभर ऐकून घ्यायचं," एवढंच पुटपुटले आणि झाडांना पाणी घालायला गेले.