कायमचा मुक्काम

इंग्रजीतल्या ‘फिक्सिटी’ या शब्दाच्या पोटात खिळा आहे. ज्या लॅटिन क्रियापदापासून तो निघाला त्याचा अर्थ ठोकणे, रोवणे, खिळवणे असा होतो, आणि क्रुसावरच्या येशूच्या प्रतिमेला जे ‘क्रुसिफिक्स’ म्हणतात त्यातही तेच क्रियापद आहे. स्थैर्याची ही कल्पना मला जरा कठोर वाटते; वस्तू जागची हलत नाही, कारण तिला कोणीतरी ठोकून ठेवले आहे.

अरबीत या शब्दासाठी निदान दोन प्रतिशब्द हाताशी येतात. ‘सबात’ म्हणजे न ढळणे, पाय घट्ट रोवून टिकून राहणे. आणि ‘इस्तिकरार’ म्हणजे हालचाल थांबून जागेवर बसणे, मग ते सरकारचे असो, बाजारभावाचे असो की परगावी जाऊन घर करणाऱ्या माणसाचे. दोन्ही शब्द मराठी कानाला परके वाटतात खरे, पण त्यांचे सख्खे भाऊबंद कित्येक शतकांपासून आपल्या घरात राहत आहेत. बहमनी, आदिलशाही आणि निजामशाही दरबारांच्या फारसी कागदांतून ते दख्खनेत आले, आणि शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी त्यांतले पुष्कळसे जागचे हलले नाहीत.

‘सबात’च्या घराण्यातले ‘शाबीत’ आणि ‘शाबूत’ हे दोघे आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. मुळात ‘स्थिर, पक्का’ असा अर्थ असलेला शब्द न्यायालयात जाऊन ‘सिद्ध झालेला’ या अर्थाने स्थिरावला, म्हणून गुन्हा शाबीत होतो. आणि त्याच धातूचा दुसरा शब्द ‘धड, न मोडलेला’ या अर्थाने घरात राहिला, म्हणून एवढ्या कटकटींतही डोके शाबूत राहिले, असे आपण म्हणतो.

‘इस्तिकरार’चे गोत याहून मोठे आहे. करार, इकरार, बरकरार, मुक्रर हे सगळे त्याचेच नातलग, आणि एखाद्याची मुद्रा करारी आहे असे म्हणताना आपण त्याच्या चेहऱ्यावर तेच ‘ठरलेपण’ वाचत असतो. अरबीत आशिया-आफ्रिकेसारख्या खंडालाही याच धातूवरून ‘कार्रा’ म्हणतात, म्हणजे ठाम बसलेली भूमी. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये खंड सरकतात असे मांडले आणि पुढे ते खरेही ठरले, पण त्यामुळे शब्द बदलण्याची गरज अरबांना वाटलेली दिसत नाही. वर्षाला काही सेंटिमीटर सरकणाऱ्या गोष्टीला स्थिर म्हणायला माझीही हरकत नाही.

मराठी माणसाच्या रोजच्या जगण्यात मात्र स्थैर्याचा खरा शब्द एकच, आणि तो म्हणजे ‘कायम’. त्याचा मूळ अरबी अर्थ ‘उभा असलेला’ एवढाच आहे, आणि हे मला फार आवडते, कारण उभे राहणारा आपल्या बळावर उभा असतो आणि थकला की बसूही शकतो. मराठीने मात्र त्या शब्दाला कचेरीत नेले. आपल्याकडे माणूस कायम असत नाही, तो कायम ‘होतो’. आधी हंगामी, मग रोजंदारीवर, मग प्रोबेशनवर, आणि एके दिवशी सहीशिक्क्याचा आदेश आला की कायम. त्या आदेशानंतर स्थळे सांगून येत, कर्ज मिळे, आणि घरातली वडीलधारी माणसे देवापुढे पेढे ठेवीत. या शब्दाचा कस शाळांच्या बाबतीत तर पुरताच लागला. ‘कायम विनाअनुदानित’ अशी मान्यता मिळालेल्या शाळांतल्या शिक्षकांना तोच ‘कायम’ गळफासासारखा झाला होता, कारण पैसे न मिळणे तेवढे कायम होते; तो एक शब्द वगळावा म्हणून त्यांनी आंदोलने केली, आणि 2009 साली शासनाने निर्णय काढून तो वगळला. आदेशाने आलेले कायमपण आदेशानेच गेले, यात तर्काला धरून नाही असे काही नाही.

जमिनीच्या व्यवहारात हा शब्द अधिक जुना आणि अधिक गंभीर आहे. आयर्लंडमधल्या कुळांनी 1879 नंतरच्या चळवळीत ज्या तीन मागण्या केल्या, त्यांतली एक नेमकी ‘फिक्सिटी ऑफ टेन्युअर’ ही होती. खंड भरत आहोत तोवर आम्हांला जमिनीवरून उठवू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या 1881 च्या कायद्याने ते बऱ्याच अंशी मान्य केले. इथे खिळ्याचा शब्द भूमिहीनाच्या बाजूने उभा राहिला, हे नोंदवायलाच हवे. आपल्याकडे हीच गोष्ट 1948 च्या कूळ कायद्यात आली, आणि त्यात ‘कायम कूळ’ अशी कायद्याची संज्ञाच आहे. पुढे 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि अपवाद वगळता कसणाऱ्या कुळाने त्या दिवशी जमीन खरेदी केली असे मानले गेले. त्याही आधी दख्खनच्या गावात मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, उपऱ्याची सोयीची. ‘मिरास’ हाही अरबीच, वारसा या अर्थाचा. ‘उपरा’ मात्र अस्सल आपला, ही गंमत थोडी बोचणारी आहे.

‘कायम’चा सख्खा भाऊ ‘मुक्काम’. उभे राहण्याच्या, टिकून राहण्याच्या त्याच धातूपासून निघालेला हा शब्द मराठीत मात्र दोन्हीकडचा झाला. पालखीचा मुक्काम एका रात्रीचा असतो, मुक्कामी एसटी पहाटे निघून जाते, आणि पाहुण्यांचा मुक्काम लांबला ही तक्रार असते. पण पत्रावर ‘मु. पो.’ लिहिले की तेच गाव पिढ्यानपिढ्यांचे ठिकाण होते. बँकेत याचीच दुसरी तऱ्हा दिसते. इंग्रजीत ज्या ठेवीला ‘फिक्स्ड’ म्हणतात तिला मराठीने ‘मुदत ठेव’ म्हटले, म्हणजे पैसे अडकले या गोष्टीपेक्षा ते सुटणार कधी याकडे आपले लक्ष अधिक. हे भाषांतर ज्याने कोणी केले त्याला बचतीचे मन नीट कळले होते, असे मी समजतो.

या सगळ्या गोतावळ्यातला सर्वांत व्यवहारी नातलग आजही अरबस्तानात नोकरीला आहे. सौदी अरेबियात परदेशी कामगाराला राहण्याचा जो परवाना मिळतो त्याला ‘इकामा’ म्हणतात. धातू तोच, कायम आणि मुक्काम यांचा. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत हा शब्द आता घरचा झाला आहे, आणि इकामा संपला, इकामा वाढवून मिळाला, इकाम्याचे काम अडले, अशी वाक्ये तिथे पावसाच्या बातमीइतक्या सहजपणे बोलली जातात. एकाच माणसाच्या कागदपत्रांत पासपोर्टवर कोकणातल्या वाडीचा कायमचा पत्ता असतो, जिथे तो वर्षाकाठी महिनाभर येतो, आणि ज्या शहरात तो उरलेले अकरा महिने काढतो तिथला इकामा मात्र संपण्याची तारीख घेऊनच हाती पडतो.