मांजरीची पिल्लं: पहिले काही आठवडे आईचेच असू द्या

उन्हाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. जिन्याखाली डोळे मिटलेली तीन-चार पिल्लं आणि खाली मेसेज, "आई सोडून गेलीये, कोणी घेणार का?" मग कोणीतरी दयाळू माणूस ती घरी नेतो, गाईचं दूध पाजतो आणि दोन-तीन दिवसांत पिल्लं दगावतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा आई कुठे गेलेलीच नसते, ती खायला गेलेली असते नाहीतर माणसं उभी आहेत म्हणून एखाद्या गाडीखाली दबा धरून वाट बघत असते. लांबून काही तास लक्ष ठेवा, बहुतेक वेळा ती येतेच.

आमची मनी घरातच व्याली त्यामुळे हे सगळं जवळून बघता आलं. जन्मतः पिल्लू जेमतेम 100 ग्रॅमचं, डोळे बंद, कान डोक्याला चिकटलेले, ऐकूही येत नाही. फक्त वास आणि ऊब कळते आणि त्या वासावर ती आईला लुचायला लागतात, पुढे काही दिवसांत बऱ्याच पिल्लांचं आपापलं आचळसुद्धा ठरून जातं! पहिला चीक मात्र पहिल्याच दिवशी पोटात जायला हवा, रोगांशी लढायची ताकद त्यातूनच मिळते आणि एक दिवस उलटला की पोट ती शोषून घेऊ शकत नाही.

सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे ऊब. साधारण तीन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग नीट गरम ठेवता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचतच नाही, म्हणून खरंच अनाथ पिल्लू सापडलं तर आधी ऊब आणि मगच दूध, हे पक्कं लक्षात ठेवा. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. दूध गाईचं नको, जुलाब होतात, पेट शॉपमध्ये पिल्लांची मिल्क पावडर मिळते ती आणा, आणि पाजताना पिल्लू पोटावरच हवं, उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं. शिवाय त्यांना शी-शू पण आपली आपण होत नाही, आई चाटते तेव्हाच होते, आई नसेल तर ओल्या कापसाने हळूच पुसून ते करवावं लागतं. आणि हे सगळं दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. म्हणून म्हणते आईला पर्याय नाही.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ना, ते सातच असं काही नाही पण जागा बदलते हे खरं. वर्दळ वाढली, जागा घाण झाली, बोका फिरकायला लागला की मानगूट धरून एकेक हलवते, आणि मानेला धरलं की पिल्लू कसं पाय आखडून गप्प लोंबकळतं! म्हणूनच सारखं डोकावू नका.

डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, कधी आधी एकच, आणि सगळ्यांचे निळे. तो रंग टिकत नाही, खरा रंग पुढे दीड-दोन महिन्यांत दिसायला लागतो. बोटाने डोळे उघडायला जाऊ नका, पापणी फुगली किंवा पू दिसला तर सरळ डॉक्टरकडे. मी किचनच्या काट्यावर रोज वजन करायचे, दिवसाला 10-15 ग्रॅम वाढायला हवं, वाढलंच नाही तर काहीतरी बिनसलंय.

तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात दिसतात, धडपडत चालणं सुरू होतं, आणि चौथ्यापासून नुसती मारामारी! ती मारामारी हवीच, चावा किती जोरात लागतो हे भावंडांकडूनच कळतं. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा प्रेमळ हात लागला तर पिल्लू माणसाळतं, नाहीतर पुढे लांबच पळतं. मऊ खाणं चौथ्या आठवड्यापासून द्या, पण दुसऱ्या घरी द्यायचं ते आठ आठवड्यांनंतरच, लोक महिन्याचं पिल्लू मागतात तेव्हा मी स्पष्ट नाही म्हणते.

लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते, तारीख डॉक्टरांना विचारून घ्या. आणि आई पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, तिची लेकसुद्धा चार-पाच महिन्यांत, तेव्हा पिल्लांचं दूध सुटलं की आईच्या ऑपरेशनचं बघा.