लपणातली थंडी : बारा बैठकांची नोंद

गोठलेल्या ओढ्याच्या काठी लपणात, म्हणजे प्राण्याला दिसू नये अशा आडोशात, बसून लाल कोल्ह्याची छायाचित्रे काढायची, असे या हिवाळ्याच्या सुरुवातीला ठरवले आणि आजवर त्यासाठी बारा बैठका झाल्या. छायाचित्रांविषयी स्वतंत्रपणे लिहीन. ही नोंद फक्त ऊब टिकवण्याविषयी आहे, कारण पहिल्या तीन वेळा मला लपण सोडावे लागले ते कोल्हा आला नाही म्हणून नव्हे, तर शटरचे बटण बोटाला जाणवेनासे झाले म्हणून. कडाक्याच्या थंडीत मचाणावर किंवा आडोशाला बंदूक घेऊन बसणाऱ्या शिकाऱ्यापुढेही नेमकी हीच अडचण असते. तासन्‌तास हलायचे नाही, आवाज होऊ द्यायचा नाही आणि शेवटच्या दोन-तीन सेकंदांसाठी बोटे मात्र शाबूत हवीत. त्यामुळे हातात कॅमेरा असो वा बंदूक, पुढील अनुभव दोघांनाही सारखाच लागू पडेल.

प्रत्येक बैठकीत मी तीन गोष्टी वहीत लिहितो : पोहोचल्यावरचे तापमान, वाऱ्याचा अंदाजे वेग आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या करंगळीच्या टोकाला नीट टेकवता येईनासा होईपर्यंत गेलेला वेळ. ही अंगठ्याची चाचणी साधी असली तरी फार प्रामाणिक आहे, कारण आपल्याला थंडी वाजते आहे की नाही याबाबत मन फसवते, पण अंगठा फसवत नाही.

पहिल्या बैठकीला तापमान उणे ६ अंश सेल्सिअस होते, वारा जवळजवळ नव्हताच, आणि तरीही मी जेमतेम ५० मिनिटे टिकलो. त्या दिवशी घरातून निघतानाच अंगावर सगळे कपडे चढवले होते आणि पाठीवर ११ किलोचे ओझे घेऊन चाळीस मिनिटे चढ चढलो होतो. लपणात पोहोचलो तेव्हा छान ऊब वाटत होती. पाठ ओली झाली आहे हे पंधरा मिनिटांनी कळले. दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीला मी आणखी जाड जॅकेट नेले, परंतु टिकण्याचा वेळ वाढला नाही, उलट दुसऱ्या वेळी तो ४५ मिनिटांवर आला. जाड कपडा आणि कमी वेळ, या विसंगतीचे उत्तर शोधताना मला सबंध हिवाळ्याचे सूत्र सापडले.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करते, तर ओझे घेऊन चढ चढताना हाच आकडा ५०० वॅटच्या आसपास जातो. कपड्यांची ऊब मोजण्यासाठी ‘क्लो’ नावाचे एकक आहे, जे गॅग, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये मांडले. सुमारे २१ अंशांच्या, फारसा वारा नसलेल्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला सुखावह वाटेल इतका पोशाख म्हणजे १ क्लो. मी ढोबळ हिशेब करून पाहिला, तेव्हा उणे १५ अंशांत चढ चढणाऱ्याला दीड क्लोच्या आतबाहेर पुरतो आणि त्याच हवेत निश्चल बसणाऱ्याला सहा-सात क्लो लागतात असे दिसले. म्हणजे वाटेवरचा मी आणि लपणातला मी ही उबेच्या दृष्टीने दोन वेगळी माणसे आहेत आणि एकच पोशाख या दोघांना पुरवण्याचा प्रयत्न केला, तर चालणारा घामाने भिजतो आणि त्या घामाची किंमत बसणारा मोजतो. स्थिर हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे २५ पटींनी अधिक वाहून नेते, त्यामुळे भिजलेला थर कितीही जाड असला तरी तो उबेचा थर राहत नाही.

चौथ्या बैठकीपासून मी चालताना अंगालगतचा पातळ मेरिनो लोकरीचा थर आणि त्यावर वारा अडवणारे पातळ जाकीट, एवढेच घालू लागलो. निघाल्यावर पहिली दहा मिनिटे गारठा जाणवतो आणि तो जाणवलाच पाहिजे; निघतानाच ऊब वाटत असेल तर पुढे घाम ठरलेला. डाऊनचे, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ पिसांचे, मोठे जॅकेट, जाड पँट आणि कोरड्या थराचा दुसरा जोड पिशवीत. लपणापासून दोनशे पावले अलीकडे थांबायचे, जाकिटाची चेन उघडून शरीराची वाफ जाऊ द्यायची, मग अंगालगतचा थर बदलायचा आणि त्यानंतरच उरलेले सगळे चढवायचे. उणे ११ अंशांत उघड्या अंगाने घालवलेले दीड मिनिट कठीण गेले हे खरे, पण त्या दिवशी अंगठ्याची चाचणी १ तास ३५ मिनिटांपर्यंत टिकली. साऱ्या मोसमात एका बदलाने मिळालेली एवढी मोठी झेप दुसरी नाही. ज्यांना या नोंदीतून एकच गोष्ट करून पाहायची असेल, त्यांनी ही करावी.

कापडाविषयी थोडेसे. सुती बनियन मी कायमचे बाद केले, कारण सूत घाम धरून ठेवते आणि लवकर वाळत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी बाष्परूपातली ओल शोषूनही अंगाला ओली लागत नाही. डाऊनची ऊब त्याच्या फुललेपणात असते आणि भिजले की ते चोळामोळा होते, म्हणून ते चालताना कधीच घालत नाही. लपणात मात्र आणखी एक कसोटी लागते, ती म्हणजे आवाजाची. कडक थंडीत नायलॉनचे बाह्य आवरण ताठ होते आणि हात उचलला तरी कुरकुरते. कोल्ह्याचे कान बर्फाखालच्या उंदराची हालचाल टिपतात, त्यांना एवढा आवाज पुरेसा आहे. म्हणून डाऊनच्या जॅकेटावर मी आता एक सैल लोकरी अंगरखा घालतो. वजन वाढते, पण नीरवता मिळते.

पाचव्या ते सातव्या बैठकीत धड कोरडे राहिले, पण पाय गारठले. पाय गार पडतात म्हणून मी दोन जाड पायमोजे घातले आणि बूट घट्ट झाले. घट्ट बुटात दोन नुकसाने होतात : मोज्यांतली हवा दाबली जाते आणि पावलाकडे जाणारा रक्तप्रवाहही आवळला जातो. एका जाड मोज्यावर परतल्यावर आणि नाडी सैल बांधल्यावर पायांना दहा-पंधरा मिनिटे जास्त मिळाली, पण खरा चोर जमिनीत होता. बूट कितीही चांगला असला तरी तळव्याखालचे अस्तर शरीराच्या वजनाने दबते आणि बर्फ त्यातून सतत उष्णता ओढत राहतो.

याचे उत्तर माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. समुद्राच्या गोठलेल्या पृष्ठभागावर सील श्वास घ्यायला वर येतो त्या बर्फातल्या छिद्रापाशी तासन्‌तास निश्चल उभे राहणारे आर्क्टिकमधले इनुइट शिकारी पायांखाली केसाळ कातड्याचा तुकडा अंथरत असत. कॅरिबूच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरच्या, कातड्याचा त्यांचा पोशाखही दुपदरी असे. आतल्या पदराचे केस अंगाकडे आणि बाहेरच्या पदराचे केस बाहेर, आणि दोन्ही पदर सैल, जेणेकरून मध्ये हवा राहावी. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात नेत्सिलिक या इनुइट लोकांच्या शेजारी राहिला, तेव्हा त्याने हा पोशाख त्यांच्याकडूनच शिकून घेतला. सर्वांत कडक थंडीत सर्वांत जास्त वेळ न हलता बसण्याची ही विद्या ज्यांनी जगण्यासाठी घडवली, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो, आणि आपल्या महागड्या साधनांतही त्याच तत्त्वांची पुनरावृत्ती आहे हे वारंवार दिसते.

मी कातड्याऐवजी बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमच्या चटईचे तुकडे वापरतो : एक दुहेरी तुकडा बैठकीखाली आणि एक पायांखाली. पायांखालच्या तुकड्यावरचा बर्फ आधी झटकून घ्यावा, नाहीतर तो बुटाला चिकटून वितळतो. सातव्या बैठकीला, उणे १३ अंशांत, या एका चटईने पायांची तक्रार दीड तासांवरून दोन तास दहा मिनिटांवर नेली.

आठव्या बैठकीला वारा भेटला. तापमान उणे १५ आणि वारा ताशी २० किलोमीटर. वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या गारठ्याचा अभ्यास पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकात पाण्याला गोठायला किती वेळ लागतो हे मोजून केला होता. आज अमेरिका आणि कॅनडात वापरले जाणारे सूत्र २००१ मध्ये सुधारलेले आहे. त्या सूत्राने या हवेचा आकडा उणे २४ येतो. हा आकडा उघड्या त्वचेसाठी असतो आणि वाऱ्याने वस्तूचे तापमान हवेपेक्षा खाली जात नाही, एवढे लक्षात ठेवावे. माझ्या गालावर त्या दिवशी एक पांढुरका, बधिर ठिपका उमटला. मी तो चोळला नाही, उघडा तळहात त्यावर धरून ठेवला आणि रंग परत आल्यावर लगेच उतरलो. त्यानंतर लपणाच्या वाऱ्याकडील बाजूला दुहेरी कापड लावले आणि गळ्याभोवतीची फट लोकरी नळीने बंद केली. डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते हा समज खरा नाही, डोके त्वचेच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या भागाइतकेच असते. पण उरलेले शरीर नीट झाकल्यावर उघडे डोके आणि गळा हीच मोठी गळती ठरते, हे मात्र खरे.

आता हात. या विषयावर माझ्या वहीची सर्वाधिक पाने गेली आहेत. पाच बोटांचे हातमोजे कितीही जाड घेतले तरी प्रत्येक बोट एकटे पडते. मुठीचा मोजा, म्हणजे मिटन, चारही बोटांना एकत्र ठेवतो आणि थंडीला मिळणारा पृष्ठभाग घटवतो. मी आत पातळ लोकरी हातमोजा आणि वर मोठे मिटन घालतो. आत लोहभुकटीचे पाकीट असते. लोखंड गंजताना बाहेर पडणारी उष्णता हे त्याचे इंधन, त्यामुळे त्याला हवा लागते. बंद बुटात तेच पाकीट मंदावते ते याच कारणाने. ते त्वचेला थेट लावू नये, बधिर हाताला भाजल्याचे कळत नाही. पाकीट तळहातात धरण्याऐवजी मनगटाच्या आतल्या बाजूला, पातळ हातमोज्यावर ठेवल्यास बोटांकडे जाणारे रक्तच उबदार होते, आणि मला तरी हे अधिक लाभले.

पण हातांची ऊब हातांत नसतेच. धडाचे तापमान ढळू लागले की शरीर प्रथम हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते. त्यामुळे बोटे गार पडली की मी आधी पोटावरचा थर वाढवतो आणि मग हातांकडे पाहतो. थंडीत आकसलेल्या बोटांत काही मिनिटांनी रक्त पुन्हा धावते, पुन्हा थांबते. ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये या हेलकाव्यांचे वर्णन केले. ही उसळी आली की बोटे सावरल्याचा भास होतो. एकदा मी त्या भासावर मिटन काढून बसलो आणि पाच मिनिटांत पस्तावलो.

सर्वांत उपयोगी युक्ती अगदी साधी निघाली. कॅमेऱ्याला केबल रिलीज, म्हणजे तारेच्या टोकाला असलेले शटरचे बटण, जोडून ते मी मिटनच्या आत घेतले. आता शटर दाबण्यासाठी हात बाहेर काढावा लागत नाही. बंदूकधाऱ्यांना ही सोय नाही, त्यांनी कमरेला बांधायची दोन्ही हात सामावणारी उबदार नळी वापरून पाहावी. ट्रायपॉडच्या धातूच्या पायांना फोम गुंडाळला आहे, आणि राखीव बॅटऱ्या छातीच्या आतल्या खिशात असतात.

गरम पेयाबद्दल माझा भ्रम हिशेबाने दूर झाला. ६० अंशांचे ३०० मिलिलिटर पेय शरीराला जेमतेम ७ किलोकॅलरी उष्णता देते, म्हणजे बसलेल्या माणसाची पाच मिनिटांची कमाई. त्यात २० ग्रॅम साखर घातली तर मात्र ८० किलोकॅलरी मिळतात, जे जवळजवळ तासाभराचे इंधन आहे. म्हणून थर्मास आणतो तो साखरेसाठी आणि मनाच्या समाधानासाठी. मद्य टाळावे; त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि प्रत्यक्षात उष्णता निघून जाते. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी कमी पिण्याची चूकही करू नये, थंडीत मूत्राचे प्रमाण तसेही वाढते आणि तहान मात्र जाणवत नाही. जागेवर न हलता मांड्या, नितंब आणि पाठीचे स्नायू आळीपाळीने दहा-दहा सेकंद आवळून सोडण्याचा व्यायाम मी दर वीस मिनिटांनी करतो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि आत ऊब पसरते.

नवव्या बैठकीला, उणे १९ अंशांत, मी थरथर सुरू झाल्यावरही बसून राहिलो, कारण ओढ्यापलीकडे ताज्या पावलांची रांग दिसत होती. निघताना पिशवीचे बंद बांधता येईनात आणि कोणता बंद कुठे जातो हे आठवायला वेळ लागला. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया म्हणतात, आणि हाताचा व विचाराचा गोंधळ ही त्याची चाहूल असते. मी तिथपर्यंत पोहोचलो होतो की नाही, हे मोजायला माझ्याजवळ काही नव्हते. तेव्हापासून थरथर आवरेनाशी झाली की बैठक संपली, असा नियम आहे, मग पावले कितीही ताजी असोत.

बाराव्या बैठकीला उणे २१ अंश होते आणि वारा पडलेला होता. दोन तास चाळीस मिनिटांनी कोल्हा ओढ्याच्या वळणावर आला, बर्फावर कान रोखून थांबला आणि मी मिटनच्या आतून अकरा वेळा बटण दाबले. तीन तास दहा मिनिटांनी उठलो तेव्हाही अंगठा करंगळीला नीट टेकत होता. उच्छ्वासामुळे कॅमेऱ्याच्या दृश्यखिडकीवर मात्र बर्फाचा पापुद्रा धरला होता, आणि डाव्या पायाची दोन बोटे शेवटच्या अर्ध्या तासात बधिर होती. पुढच्या खेपेला बुटात नमद्याचे (दाबलेल्या लोकरीचे) तळ घालून पाहणार आहे, दोन जोड नेऊन मधल्या थांब्यावर अंगालगतच्या थराबरोबर तेही बदलेन. श्वास कॅमेऱ्यापासून दूर वळवण्यासाठी गळ्याच्या नळीला खालच्या बाजूला एक चीर पाडली आहे. तेराव्या बैठकीत तिचा उपयोग कळेल.